‘मंकी टॉप’चं म्युझियम आणि आम्ही दोघं

भुताखेतांच्या गोष्टी मी कधी आवडीनं वाचल्याही नाहीत. ऑफिसच्या ग्रुपवर कुणी असलं काही टाकलं की मी न बघता पुढे जाते. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, सतरा वर्षं हेच करतेय. अमुक बटण दाबल्यावर स्क्रीन गायब झाली असं कुणी सांगत आलं, की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं — परत करून दाखव. परत होत नसेल तर ती तक्रार आम्ही बंद करून टाकतो. अशा बाईला आलेला हा अनुभव आहे. जे झालं ते झालं त्याच क्रमानं लिहितेय. कुणाला घाबरवायचा हेतू नाही. मलाही तेव्हा भीती वाटली नव्हती... खरं सांगायचं तर तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं.

मी मूळची सांगलीची. इंजिनियरिंग बेळगावला केलं, हेमंत तिथेच भेटला. तो बेळगावचाच. आमची ओळख झाली ती एका बँडमुळे. ‘मंकी टॉप’ हे नाव आता फारसं कुणाला आठवणार नाही. जुन्या बेंगळुरूतल्या बंगल्यांच्या खिडक्यांवर लाकडी जाळीची टोकदार टोपी असते, तिला मंकी टॉप म्हणतात. त्यावरून बँडचं नाव. चार मुलं, इंग्लिश आणि कन्नड मिसळून गायची, आणि मध्येच एखादी ओळ चक्क मराठीत. कारण त्यांचा ड्रमर श्रीधर हा बेंगळुरूचाच जुना मराठी.

आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला ते आले तेव्हा मी कमिटीत होते. तिसऱ्या गाण्याला लाइट गेली. जनरेटर सुरू होईना. मुलं आरडाओरडा करायला लागली आणि मी स्टेजच्या बाजूला हातात वॉकी-टॉकी घेऊन रडकुंडीला आलेले. श्रीधर एकटा वाजवत राहिला. ना माइक, ना गिटार. त्याचे हात दिसावेत म्हणून कुणीतरी खालून टॉर्च धरला होता. पाऊण तास. एवढं मोठं ग्राउंड, पण चिडीचूप. टॉर्च धरणारा मुलगा म्हणजे हेमंत. पुढच्या आठवड्यात त्यानं मला त्यांची कॅसेट कॉपी करून दिली. आतल्या कार्डावर हिरव्या शाईनं गाण्यांची यादी आणि वर लिहिलेलं — ‘मॅनेजरबाईंना’. तेव्हापासून घरात मी मॅनेजरबाई.

नोकरीसाठी दोघं बेंगळुरूला आलो. बँड बंद पडेपर्यंत त्यांचा एकही कार्यक्रम आम्ही सोडला नाही. मग गायक परदेशी गेला, बाकीचे पांगले. काही वर्षांपूर्वी श्रीधर वारल्याचं कळलं, तेव्हा हेमंत दोन दिवस गप्प होता. मुलंबाळं नाहीत आम्हाला. मारतहळ्ळीचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोघांच्या नोकऱ्या आणि ही गाणी. एवढंच होतं, आणि पुरेसं होतं.

गेल्या वर्षी सकाळी ऑफिसला जाताना रिंग रोडच्या सर्व्हिस रोडवर त्याची बाइक घसरली. पुढच्या टेम्पोतून काहीतरी पडलं, ते चुकवायला गेला. डावा पाय दोन ठिकाणी मोडला. पहिले दोन दिवस डॉक्टर पायाबद्दलच बोलत होते — रॉड घालावा लागेल, सहा महिने काठी, नंतरही थोडं लंगडणं राहील. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून त्या सहा महिन्यांचं ठरवत होते. लिफ्ट बंद पडली तर त्याला वर कसं न्यायचं वगैरे. तिसऱ्या दिवशी डोक्यात रक्तस्राव झाला. चौथ्या दिवशी दुपारी तो गेला.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. बेळगावला सगळं केलं, परत आले, ऑफिस सुरू केलं. कामात एकही चूक झाली नाही. लोक म्हणायचे, किती धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. उभ्या उभ्या दहीभात खायचा, लॅपटॉप उघडायचा, बंद करायचा. रडू आलं नाही. केस लांब होते, ते विंचरायचा कंटाळा यायला लागला म्हणून एक दिवस जाऊन मानेपर्यंत कापून आले. गाणी लावली नाहीत... मुद्दाम टाळलं असंही नाही. लावावीशी वाटली नाहीत. हेमंतच्या आईंना दर रविवारी संध्याकाळी फोन करायचे. जेवलीस का, हो, तुम्ही जेवलात का, हो. मग फोन ठेवायचा.

बँडच्या जुन्या चाहत्यांचा एक ग्रुप आहे. त्यावर लिंक आली होती — श्रीधरच्या थोरल्या भावानं राजाजीनगरच्या घरात, बँड जिथे प्रॅक्टिस करायचा त्याच मजल्यावर, छोटंसं म्युझियम केलंय. फक्त शनिवार-रविवार उघडं. मी ती लिंक बघून सोडून दिली होती. जायचं कारण अगदीच साधं झालं. हेमंतला जाऊन अकरा महिने होत आले होते. त्या शनिवारी आमच्या बिल्डिंगच्या टाक्या धुवायच्या होत्या, दिवसभर पाणी नाही. घरात बसून काय करायचं म्हणून निघाले. महिन्यातला तो तिसरा शनिवार होता, हे लक्षात ठेवा. मेट्रोनं मॅजेस्टिक, तिथे लाइन बदलून राजाजीनगर. स्टेशनवरून दहा मिनिटं चालत. पिठाच्या गिरणीशेजारचं दुमजली घर, बाहेरून जिना.

वर दार उघडंच होतं. लाल सिमेंटची जमीन, तीन खोल्या. सत्तरीचे एक गृहस्थ टेबलाशी पेपर वाचत बसले होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळाला बारीकसं गंध. त्यांनी वर बघितलं आणि ओळखीचं हसले.

“या अक्का. आज एकट्याच? सर नाही आले?”

मला वाटलं, चुकून दुसरंच कुणी समजतायत. मी म्हटलं, मी पहिल्यांदाच आलेय. त्यावर ते आणखी हसले. केस कापलेत म्हणून ओळखणार नाही असं वाटलं काय, म्हणाले. मग खुर्ची पुढे केली, “स्वल्प बसा, जिना चढून आलात,” आणि चष्मा काढत सहज विचारलं,

“सरांचा पाय कसा आहे आता?”

मी विचारलं, “कुठला पाय?”

“डावा. रॉड घातलाय न्हवे?”

मी खुर्चीवर बसले. बाहेर गिरणीचा पट्टा चालू होता, त्याचा एकसारखा आवाज येत होता. माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? की मी तोंड उघडायच्या आधीच हे मराठीत कसे बोलले. बस, एवढाच. बाकी सगळं लांब कुठेतरी चाललंय असं वाटत होतं.

यशवंतअण्णा त्यांचं नाव. श्रीधरचे थोरले भाऊ, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी लष्कराबरोबर इकडे आलेलं, त्यामुळे मराठी घरातलं, पण कन्नड मिसळलेलं. माणूस बोलका. मी काही विचारलं नाही तरी त्यांनी सगळं सांगितलं. म्युझियम उघडून चार महिने झाले. त्यात आम्ही दोघं तीनदा आलो होतो, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, अकराच्या सुमाराला. म्हणजे शेवटचं गेल्याच आठवड्यात. सर काठी घेऊन सावकाश जिना चढतात, आणि मी मागे हात धरून, पडाल, पडाल म्हणत असते. कॉलेजमध्ये टॉर्च धरल्याची गोष्ट सरांनी सांगितली तेव्हा अण्णांच्या बायकोनं डोळे पुसले होते. आणि मी ड्रमच्या एका तुकड्यावरून सरांशी भांडले होते म्हणे... तो तुकडा कुठल्या गाण्यातला यावरून. हे भांडण आमचं खरंच होतं. वीस वर्षं चालू होतं. कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

ते मला खोल्या दाखवत गेले, पूर्वी दाखवल्यात हे गृहीत धरून. श्रीधरचा ड्रमसेट, त्याच्या स्टुलाची फाटून शिवलेली गादी. कार्यक्रमांची पोस्टरं. गाण्यांचे क्रम लिहिलेले कागद, चहाचे डाग पडलेले. कोपऱ्यात दोन खुर्च्या आणि हेडफोन, तिथे जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकायची सोय. अण्णांनी न विचारता एक लावून दिलं आणि म्हणाले, हे तुमचं आवडतं.

आवडतंच होतं. एकेकाळी त्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला माझ्या अंगावर काटा यायचा, दर वेळी. मी हेडफोन लावून पूर्ण ऐकलं. काहीही झालं नाही. ड्रम वाजत होते, माणूस गात होता, मी समोरच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डकडे बघत होते. हेडफोन काढल्यावर अण्णा थोडे गोंधळलेले दिसले. म्हणाले, “त्या दिवशी तुम्ही मोठ्यानं गात होतात की. हेडफोन आहे हे विसरून. खालपर्यंत आवाज गेला.”

तेव्हा मला त्या बाईचा हेवा वाटला. स्पष्ट सांगते, भीती नाही, आश्चर्य नाही... हेवा. अकरा महिन्यांत वाटलेली ती पहिली गोष्ट.

मग त्यांनी चाहत्यांनी दिलेल्या वस्तूंचं काचेचं कपाट उघडलं. सरांनी दिलेली कॅसेट मधोमध ठेवलीय बघा, म्हणाले.

हिरवी शाई. ‘मॅनेजरबाईंना’. पाचव्या गाण्याच्या नावात हेमंतनं केलेली स्पेलिंगची चूक. केसच्या खालच्या कोपऱ्याला तडा — हॉस्टेलच्या खिडकीतून माझ्याच हातून पडली होती ती.

मी अण्णांना म्हटलं, “माझे मिस्टर अकरा महिन्यांपूर्वी गेले.”

ते समजले नाहीत. कुठे गेले, असं विचारणार होते बहुतेक. माझ्याकडे बघितलं आणि थांबले. उठून त्यांनी पंखा बंद केला, परत चालू केला. मग कपाटाला हात टेकून उभे राहिले. म्हणाले, माझ्यासारखी दिसणारी दुसरी कुणी असेल. मी म्हटलं, असेल. दोघांचंही लक्ष त्या कॅसेटकडे होतं. त्यांनी आतून कॉफी आणवली. मी ती प्यायले आणि मेट्रोनं घरी आले.

माझी कॅसेट घरी होती. टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, नेहमीच्या जागी.

दुसऱ्या दिवशी रविवारी ती पर्समध्ये घालून परत राजाजीनगरला गेले. अण्णांनी म्युझियमचं दार आतून लावून घेतलं आणि टेबलावर दोन्ही कॅसेटी शेजारी शेजारी ठेवल्या. मी सतरा वर्षं दोन गोष्टींतला फरक शोधण्याचा पगार घेतेय. दीड तास बघत होते. तडा तोच, तेवढाच, त्याच दिशेनं गेलेला. शाई फुटलेली एक मात्रा, तीही तीच. अण्णांच्या जुन्या डेकवर दोन्ही वाजवल्या. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात टेप जिथे ओढल्यासारखी होते, तिथे दोन्ही ओढल्या. एवढं झाल्यावर दोघांनाही आणखी तपासायची इच्छा राहिली नाही.

तुमच्या मनात जे प्रश्न आले असतील ते माझ्याही आले. हे गृहस्थ बनवतायत का? कशासाठी? तिकीटसुद्धा नाही तिथे, आणि त्या रविवारी माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते. मीच दुःखाच्या भरात तिथे जाऊन आले आणि विसरले का? ही शंका मी नीट तपासली. गेल्या आठवड्यातल्या दुसऱ्या शनिवारी आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, सकाळी नऊ ते दुपारी तीन मी घरून व्हिडिओ कॉलवर होते, बरोबर टीममधले सगळे. त्याआधीच्या महिन्यात त्या दिवशी मी बेळगावला आईंजवळ बसले होते. त्याच्याही आधीच्या शनिवारचं मात्र मला काहीच आठवत नाही, बहुतेक झोपून होते. बरं, मी जाऊन आले असं धरलं, तरी शेजारी काठी घेऊन चालणारा माणूस कोण? फोटो काढायला आत मनाई आहे, तो नियम श्रीधरच्या बायकोचा. गेटवरचा कॅमेरा सात दिवसांचंच साठवतो, आणि आम्ही बघितलं तोपर्यंत आठ दिवस झाले होते.

निघताना अण्णा म्हणाले, ते दोघं पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी येतो म्हणालेत. सकाळी लवकर येऊन इथेच बसा. नाहीतर मी नियम मोडून फोटो काढतो. ‘बघते’ एवढंच मी म्हटलं. माझी कॅसेट मी तिथेच ठेवली, दुसरीच्या शेजारी. का ठेवली ते सांगता येणार नाही. एक उचलून दुसरी सोडून यायला मन झालं नाही, एवढंच.

त्या संध्याकाळी आईंना फोन केला. जेवलीस का, हो, तुम्ही जेवलात का, हो. फोन ठेवायच्या ऐवजी मी सगळं सांगून टाकलं. सत्तर वर्षांची बाई, एकुलता एक मुलगा गमावलेली, घरात एकटी, तिला असलं सांगायला नको होतं हे मला कळत होतं. सांगून झालं.  मग त्यांनी विचारलं,

“चालतोय की नाही नीट?”

मी म्हटलं, काठी लागते. जिना सावकाश चढतो.

“सहा महिने लागतील म्हणाले होते डॉक्टर,” आई म्हणाल्या. “जास्तच लागला म्हणायचा वेळ.”

त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. हे कसं शक्य आहे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का... काहीच नाही. फोन ठेवताना म्हणाल्या, “मेघा, जाऊन बघून ये. लांबून बघ. बोलू नकोस हवं तर. पण बघून ये.”

पुढचे तीन आठवडे मी रोजच्यासारखंच काम केलं. दुसऱ्या शनिवारी सकाळी पावणेअकराला मी गिरणीच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होते. समोरच्या दर्शिनी हॉटेलात लोक उभ्यानं इडली खात होते. तिथून अण्णांचा जिना दिसतो. लांबून बघायला चांगली जागा होती.

आणि तिथे उभी असताना मला एक गोष्ट सुचली. ते दोघं आले त्या तीनही वेळा मी इथे नव्हते. एकदा घरी, एकदा बेळगावला, एकदा झोपलेली. मी इथे आले तेव्हा मात्र इथे फक्त मीच होते — एकटी, केस कापलेली. आमच्या कामात एकाच नावाच्या दोन नोंदी समोरासमोर आल्या की एक पुसली जाते, आणि कुठली पुसली जाईल हे आधी सांगता येत नाही. हा काही तर्क नव्हे, मला माहीत आहे. पण त्या क्षणी मला इतकंच वाटलं की माझ्यामुळे तो जिना चढायचा राहायला नको. एकदा तो गेला तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. या वेळी निदान निघून जाणं हातात होतं.

अकराला दहा मिनिटं असताना मी मागे वळले. मागे बघितलं नाही. स्टेशनवर आले, समोर आलेल्या गाडीत बसले आणि शेवटच्या स्टेशनपर्यंत गेले. तिथे प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसून राहिले. खाली मोकळी जमीन होती, कुणाचं तरी बांधकाम चाललं होतं.  आतल्या आत काहीतरी हललं असावं, पण नेमकं काय ते मला सांगता येत नाही.

साडेबाराला अण्णांचा फोन आला. म्हणाले, “आले होते अक्का. आत्ता गेले.”

ते हळू बोलत होते. मी फोटोबद्दल विचारायच्या आधीच म्हणाले, नाही काढला. हात धजला नाही. मी त्यांच्यासारखंच कन्नडमध्ये म्हटलं, सरी, ठीक आहे. बरं केलंत. मग त्यांनी सांगितलं, सरांनी आज श्रीधरच्या स्टुलावर बसू का विचारलं, आणि बसून पाचेक मिनिटं वाजवलं. वाईट वाजवलं. दोघं खूप हसले. अण्णांनी त्यांना माझ्याबद्दल काही सांगितलं नाही. फक्त एकदा त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. घामानं शर्ट ओला होता, म्हणाले. 

“आणि अक्का... तुम्ही — म्हणजे त्या — जाताना जिन्यात थांबल्या. गल्लीच्या तोंडाकडे बघत होत्या. सरांनी विचारलं, काय झालं. कोण तरी ओळखीचं उभं होतं असं वाटलं, म्हणाल्या.”

मी विचारलं, पुढच्या महिन्यात येणार आहेत का?

नाही, अण्णा म्हणाले. ते निरोप घ्यायलाच आले होते. फ्लॅट सोडतायत. सरांनी घरून काम करायची परवानगी घेतलीय, बेळगावला आईंकडे राहायला चाललेत दोघं. जाताना कॅसेट परत मागितली, आठवण म्हणून. अण्णांनी कपाट उघडलं तर दोन कॅसेटी शेजारी शेजारी. कुठली कुणाची, त्यांना सांगता येईना. सरांनी दोन्हींकडे बघितलं, माझ्याकडे... त्या बाईकडे बघितलं, आणि एक उचलून खिशात घातली. उरलेली मी पुढच्या रविवारी जाऊन घेऊन आले. ती माझी आहे की त्यांची, मला माहीत नाही. त्यानंतर ते दोघं तिथे आलेले नाहीत. मी मात्र अधूनमधून जाते. अण्णा कॉफी देतात, आम्ही दुसरंच काहीतरी बोलतो.

बेळगावचं आईंना सांगायचं की नाही, यावर मी एक दिवस घालवला. वाटलं, बघून ये म्हणालेल्या बाईला आता काय सांगू, की मी बघितलंही नाही, आणि तो तुमच्याकडे यायला निघालाय, पण तुमच्याकडे नाही. शेवटी रविवारी फोनवर जसंच्या तसं सांगितलं. न बघता परत का आले तेही.  त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली, गॅस बारीक करून त्या परत आल्या.

“बरं केलंस,” म्हणाल्या. “आणि कधी निघणार म्हणाले?”

मी म्हटलं, महिनाअखेर.

“मग वरची खोली झाडून घ्यायला पाहिजे,” आई म्हणाल्या. “धूळ साठलीय फार.”

मी हो म्हटलं.

गेल्या महिन्यात वर्षश्राद्धासाठी मी बेळगावला गेले. दुपारी सगळे पाहुणे परतल्यावर सहज वर गेले. खोली स्वच्छ होती. पलंगावर धुतलेली चादर, दोन उशा, खिडकी उघडी. वर चढणाऱ्या माणसाला धरायला म्हणून जिन्याच्या भिंतीला नवीन लाकडी कठडा बसवून घेतलेला होता.  संध्याकाळी आईंनी भाताला आधण ठेवलं, तेव्हा मी शेजारी बसून भाजी निवडत होते. वरून काहीही आवाज आला नाही. तरी दोघींचं अधूनमधून वर लक्ष जात होतं.

हे सगळं काय होतं, मला आजही माहीत नाही. ‘परत करून दाखव’ असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे दाखवायला काही नाही. त्या रात्री मी खाली आईंजवळच झोपले. वरची खोली तशीच ठेवली.